अजिंठ्यावरचे रोगण : चित्रसंवर्धन आणि कलासमीक्षा यांच्या परस्परसंबंधाचा चिकित्सक विचार

१. प्रस्तावना

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. प्रवासवर्णने, शालेय पाठ्यपुस्तकांतील धडे, कलेतिहासाचे ग्रंथ आणि संशोधनपर लेख अशा अनेक रूपांत हे लेखन आढळते. यांतील बहुतेक लेखनामागे एक गृहीत उभे असते. भिंतीवर आज आपल्याला जे दिसते तेच पंधराशे वर्षांपूर्वीच्या चित्रकाराने रंगविले, काळाने ते थोडेफार झिजविले इतकेच, असे ते गृहीत होय. प्रस्तुत लेखात या गृहीताची चिकित्सा करावयाची आहे. चित्रकाराचा रंग आणि आपली दृष्टी यांच्यामध्ये एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत माणसांनी स्वतःच्या हातांनी अनेक थर चढविले. काही थर कौतुकापोटी चढले, काही काळजीपोटी. ते उतरविण्याचे काम पुढील पिढ्यांना करावे लागले आणि त्या कामातही निवड करावी लागली. म्हणजेच आजचे अजिंठा हे वाकाटककालीन चित्रकाराचे जेवढे आहे, तेवढेच ते त्याच्या संवर्धकांच्या निर्णयांचेही फलित आहे.

हे मान्य केल्यास एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. एखाद्या चित्रातील ‘उबदार तपकिरी छटे’चे किंवा ‘गूढ अंधारा’चे आपण सौंदर्यवाचन करतो, तेव्हा ते चित्रकाराच्या प्रतिभेचे वाचन असते की शे-दीडशे वर्षांपूर्वीच्या रोगणाचे? चित्रसंवर्धन हा केवळ रसायनशास्त्राचा प्रांत नसून ते स्वतःच एक समीक्षाकर्म आहे आणि म्हणून कलेच्या व साहित्याच्या अभ्यासकांनी त्याकडे पाठ फिरविणे योग्य नाही, अशी भूमिका येथे मांडली आहे.

२. संज्ञांचा विचार

मराठीत या क्षेत्रातील संज्ञा एकमेकींच्या जागी सर्रास वापरल्या जातात. विवेचनाच्या सोयीसाठी त्यांत भेद करणे आवश्यक आहे. ‘जतन’ म्हणजे कलाकृतीला हात न लावता तिच्या भोवतालचे वातावरण, प्रकाश, आर्द्रता, कीटक आणि माणसांची वर्दळ यांवर नियंत्रण ठेवणे. ‘संवर्धन’ म्हणजे कलाकृतीच्या द्रव्यावर उपचार करणे, उदाहरणार्थ सुटलेला गिलावा पुन्हा चिकटविणे, पापुद्रे सुटलेला रंग स्थिर करणे, काजळी किंवा जुने रोगण काढणे. ‘पुनःस्थापन’ म्हणजे हरवलेल्या भागाच्या जागी नवे काही भरून कलाकृतीला तिचे दृश्य एकत्व परत मिळवून देण्याचा प्रयत्न करणे. पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत जाताना हस्तक्षेप वाढत जातो आणि त्याबरोबर जबाबदारीही वाढते.

आपल्या परंपरेत चौथी संज्ञाही आहे, ती म्हणजे ‘जीर्णोद्धार’. तिचे तर्कशास्त्र निराळे आहे. पूजेतील मूर्ती खंडित चालत नाही. ती दुरुस्त होते किंवा विसर्जित होते. वज्रलेपामागे हीच धारणा असते. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीवर १९५५ साली झालेला वज्रलेप आणि २०१५ साली झालेले रासायनिक संवर्धन या दोन्ही वेळी प्रश्न केवळ दगडाच्या झिजेचा नव्हता. भक्ताला देवीचे मुख पूर्ण दिसले पाहिजे, हा हक्क तेथे महत्त्वाचा होता. संग्रहालयातील किंवा संरक्षित स्मारकातील चित्राला हा न्याय जसाच्या तसा लावता येत नाही. तेथे अपूर्णता हाही पुरावा असतो. आपल्याकडील अनेक वादांच्या मुळाशी या दोन दृष्टींची सरमिसळ आहे, हे लक्षात ठेवून पुढील विवेचन पाहावे.

३. चित्राची घडण

संवर्धनाची चर्चा चित्राच्या द्रव्यापासूनच सुरू होऊ शकते. अजिंठ्याच्या चित्रांना इंग्रजी वळणाने ‘फ्रेस्को’ म्हणण्याची रूढी पडली आहे, परंतु ती तांत्रिकदृष्ट्या सदोष आहे. खऱ्या फ्रेस्कोत ओल्या चुन्यावर रंग दिला जातो. चुना वाळताना हवेतील कर्बवायू शोषतो आणि रंगकण त्या कठीण होत जाणाऱ्या थरात बंदिस्त होतात. अजिंठ्यात असे घडलेले नाही. तेथे बेसॉल्ट खडकाच्या खडबडीत भिंतीवर माती, वनस्पतींचे तंतू, भाताचे तूस यांचा गिलावा थरांनी चढविला आहे. त्यावर पातळ पांढरा हात देऊन कोरड्या पृष्ठभागावर चिकटद्रव्यात कालविलेले रंग लावले आहेत. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि पांढरा हे रंग प्रामुख्याने दिसतात. निळ्यासाठी दूरदेशीहून आलेला लाजवर्द वापरला आहे.

या घडणीचे दोन परिणाम संभवतात. पहिला असा की येथील रंग दगडासारखा टिकाऊ नाही. तो एका नाजूक सेंद्रिय चिकटद्रव्याच्या आधारावर मातीच्या भिंतीला धरून आहे. आर्द्रतेत चढउतार झाला की गिलाव्यातील तंतू फुगतात व आकसतात. कीटकांना त्या तंतूंत अन्न मिळते. पावसाळ्यात खडकाच्या भेगांतून पाणी झिरपते. दुसरा परिणाम दृश्य स्वरूपाचा आहे. अशा रंगाचा पृष्ठभाग मुळात निस्तेज असतो. येथे निस्तेज हा शब्द चकाकी नसलेला या अर्थाने घ्यावा. रंगकणांच्या मध्ये हवेच्या सूक्ष्म पोकळ्या असतात. त्यांवर प्रकाश विखुरतो आणि रंग फिकट, मृदू व मोकळा दिसतो. त्यावर रोगण लावले की या पोकळ्या भरतात, प्रकाशाचे विखुरणे कमी होते आणि रंग एकदम गडद, खोल व चकचकीत भासतो. वाळलेला दगडगोटा पाण्यात भिजविल्यावर जसा रंगीत दिसतो तसाच हा प्रकार आहे. अजिंठ्याच्या पुढील शोकांतिकेचे बीज या साध्या भौतिक घटनेत आहे.

४. नकलाकारांचे रोगण

१८१९ च्या एप्रिल महिन्यात मद्रास घोडदळातील जॉन स्मिथ हा अधिकारी शिकारीच्या निमित्ताने वाघोरा नदीच्या खोऱ्यात आला आणि लेणी युरोपीय जगाला ज्ञात झाली. १८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीने रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याची चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमणूक केली. त्याने जवळपास दोन दशके हे काम केले. त्याच्या तैलचित्ररूपी नकला लंडनजवळील सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या. १८६६ च्या आगीत त्यांतील बहुतांश जळाल्या. त्यानंतर मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स याने १८७२ ते १८८५ या काळात आपल्या हिंदी विद्यार्थ्यांसह पुन्हा नकला केल्या. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकी एक. यांतील अनेक नकलाही १८८५ साली साउथ केन्सिंग्टन येथील आगीत नष्ट झाल्या. उरलेल्यांच्या आधारे ग्रिफिथ्सचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध झाला.

या इतिहासाकडे सामान्यतः दुर्दैवाची कथा म्हणून पाहिले जाते. लंडनमध्ये नकला जळाल्या, मूळ मात्र सुखरूप राहिले, असा समज त्यातून होतो. प्रत्यक्षात नकलेची क्रियाच मुळावर परिणाम करून गेली. अंधाऱ्या लेण्यात, धुळीने व धुराने झाकलेल्या चित्रांतील रेषा स्पष्ट दिसावी यासाठी नकलाकारांनी मूळ चित्रांवर रोगण लावले. वर सांगितल्याप्रमाणे रोगण लावताच रंग उजळून आल्यासारखे वाटले. काम करणाऱ्याला ते क्षणभर पुनरुज्जीवनच भासले असणार. काही वर्षांतच ते रोगण हवेतील प्राणवायूच्या संयोगाने पिवळे व पुढे तपकिरी पडले. त्यावर धूळ बसली. आकसताना त्याने खालचा रंग ओढून धरला आणि रंगाचे पापुद्रे सुटू लागले.

येथे ग्रिफिथ्सला खलनायक ठरविणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. आज भिंतीवरून नाहीशा झालेल्या अनेक तपशिलांचा पुरावा त्याच्या व त्याच्या विद्यार्थ्यांच्या नकलांतच उरला आहे. सोळाव्या लेण्यातील मरणोन्मुख राजकन्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या चित्रातील भावदर्शन युरोपीय कलेतही अजोड ठरावे, अशी ग्वाही त्याने दिली होती. हिंदी कलेविषयीची युरोपीय तुच्छता पाहता ही दाद छोटी नव्हती. ज्याला चित्राची थोरवी उमगली, त्याच्याच हातून चित्राला इजा झाली, हा विरोधाभास संवर्धनाच्या इतिहासात वारंवार भेटतो. प्रेम असणे पुरेसे नसते. द्रव्याचे ज्ञानही हवे, एवढाच धडा त्यातून घ्यावयाचा.

या संदर्भात लेडी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम हिचे नाव वेगळे काढले पाहिजे. १९०९ ते १९११ या काळात ती अजिंठ्याला आली. तिच्यासमवेत नंदलाल बोस, असितकुमार हालदार आदी तरुण चित्रकार होते आणि हैदराबादहून सय्यद अहमद होते. चेन्निनो चेन्निनी या मध्ययुगीन इटालियन चित्रकाराच्या चित्रतंत्रविषयक ग्रंथाचा तिने १८९९ साली इंग्रजी अनुवाद केला होता आणि टेम्पेरा तंत्राची ती स्वतः अभ्यासक होती. रंग कशात कालविला आहे हा प्रश्न ज्यांना विचारता येत होता, अशा मोजक्या पाहुण्यांपैकी ती एक होती.

५. चपड्याचा थर : हैदराबाद संस्थानातील प्रयत्न

अजिंठा त्या काळी हैदराबाद संस्थानात होते. १९१४ साली संस्थानाने पुरातत्त्व खाते स्थापन केले आणि त्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी लेण्यांकडे गांभीर्याने लक्ष दिले. त्यांच्या प्रयत्नांतून लोरेन्झो चेक्कोनी हे इटालियन तज्ज्ञ ओर्सिनी या साहाय्यकासह १९२० ते १९२२ या काळात अजिंठ्याला काम करण्यासाठी आले. भिंतीपासून सुटलेला गिलावा पुन्हा चिकटविणे, तुटलेल्या कडा बांधून घेणे आणि पृष्ठभाग स्वच्छ करणे ही कामे त्यांनी केली. अनेक ठिकाणी कोसळण्याच्या बेतात असलेला गिलावा त्यामुळे वाचला, हे निर्विवाद आहे.

मात्र रंगाला स्थिर करण्यासाठी त्यांनी अल्कोहोलमध्ये विरघळविलेल्या चपड्याचा लेप वापरला. चपडा म्हणजे लाखेपासून काढलेली राळ. लाकडी सामानावर फ्रेंच पॉलिश करणारा सुतार आजही तो वापरतो. तत्कालीन युरोपीय प्रथेनुसार हा उपाय आक्षेपार्ह नव्हता. परंतु काळाबरोबर चपडा गडद होतो, ठिसूळ होतो आणि ज्या द्रावकात तो आधी सहज विरघळत होता त्यात पुढे विरघळेनासा होतो. लेण्यातील आर्द्रता, काजळी आणि वटवाघळांची घाण यांना त्याने धरून ठेवले. नवव्या व दहाव्या लेण्यांतील प्राचीनतम चित्रे, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या शतकांतील सातवाहनकालीन चित्रे, या काळपट थराखाली जवळजवळ दिसेनाशी झाली. पुढे अनेक दशके अभ्यासकांनी ही चित्रे गेल्यातच जमा धरली.

याझदानींचा चार भागांतील ‘अजंता’ हा ग्रंथ १९३० ते १९५५ या काळात प्रसिद्ध झाला आणि त्यातील छायाचित्रांनी जगाला अजिंठा दाखविले. त्याच काळात, १९३२ साली, औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे अजिंठ्यावरील पुस्तकही निघाले. अजिंठ्याच्या रंगांविषयीची आपली सामूहिक स्मृती या काळात घडली. म्हणजे ती प्रामुख्याने रोगण चढलेल्या भिंतींवरून घडली, हे येथे नोंदविणे आवश्यक वाटते.

६. स्वातंत्र्योत्तर काळ : उलटा प्रवास

स्वातंत्र्यानंतर लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीत आली. सर्वेक्षणाच्या रसायन शाखेपुढील काम विलक्षण होते. चित्रांना काळापासून वाचविणे हे तर होतेच, शिवाय आधीच्या वाचविणाऱ्यांपासूनही त्यांना वाचवावयाचे होते. चपडा व जुने रोगण द्रावकाच्या साहाय्याने, कापसाच्या बोळ्याने, थोडे थोडे उतरविण्याचे काम सुरू झाले. परंतु याच टप्प्यात संरक्षक लेप म्हणून पॉलिव्हिनाइल ॲसिटेट या कृत्रिम राळेचा वापर झाला. ती पारदर्शक होती आणि द्रावकाने पुन्हा काढता येईल अशी अपेक्षा होती. तरीही श्वास घेऊ पाहणाऱ्या मातीच्या भिंतीवर तोही एक आणखी पापुद्राच होता.

१९८३ साली अजिंठ्याचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला. १९९९ पासून सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांनी नवव्या व दहाव्या लेण्यांतील काळवंडलेल्या चित्रांच्या शुद्धीकरणाचे काम हाती घेतले आणि त्यातून आकृत्या, चेहरे व वस्त्रांचे तपशील पुन्हा दृग्गोचर झाले. भारतीय चित्रकलेच्या इतिहासातील आरंभीची काही पाने अशा रीतीने नव्याने वाचता येऊ लागली. ज्या समीक्षकांनी त्या आधी ‘नवव्या-दहाव्या लेण्यांत फारसे काही उरले नाही’ असे लिहिले होते, ते चित्राविषयी बोलत नव्हते, चपड्याविषयी बोलत होते, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

७. तात्त्विक चौकट आणि दोन युरोपीय उदाहरणे

संवर्धनाच्या तत्त्वचिंतनात चेझारे ब्रांदी या इटालियन विचारवंताचे स्थान मध्यवर्ती आहे. १९३९ साली रोममध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय पुनःस्थापन संस्थेचे ते पहिले संचालक होते. १९६३ साली त्यांचा पुनःस्थापनविषयक सिद्धांतग्रंथ प्रसिद्ध झाला. कलाकृतीला दोन दावे असतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. एक सौंदर्याचा आणि दुसरा इतिहासाचा. सौंदर्याचा दावा सांगतो की चित्र चित्र म्हणून दिसले पाहिजे. इतिहासाचा दावा सांगतो की त्यावरून गेलेल्या काळाची खूण खोटी पाडता कामा नये. संवर्धकाने दोहोंत तोल साधावयाचा असतो. म्हणून भरलेला भाग दुरून चित्रात मिसळावा, पण जवळून पाहताच ओळखू यावा, असे त्यांनी सुचविले. उभ्या बारीक रेषांनी रंगभरण करण्याची इटालियन पद्धत याच विचारातून आली. १९६४ च्या व्हेनिस सनदेनेही अनुमान जेथे सुरू होते तेथे पुनःस्थापनाने थांबावे, हे सूत्र स्वीकारले.

व्हॅटिकनमधील सिस्टीन चॅपेलचे १९८० ते १९९४ या काळात झालेले शुद्धीकरण हे या वादाचे प्रसिद्ध उदाहरण आहे. मेणबत्त्यांची काजळी आणि आधीच्या दुरुस्तीकारांनी लावलेले सरसाचे थर काढल्यावर मायकेलअँजेलोचे छतचित्र हिरव्या, नारिंगी, गुलाबी रंगांनी झगमगू लागले. त्याला अंधाराचा, शिल्पसदृश करड्या रंगांचा चित्रकार मानणाऱ्या समीक्षेचा पायाच त्यामुळे हलला. दुसऱ्या बाजूने जेम्स बेक यांच्यासारख्या कलेतिहासकारांनी आक्षेप घेतला की गिलावा वाळल्यानंतर चित्रकाराने स्वतः दिलेला छायेचा अखेरचा हातही या शुद्धीकरणात पुसला गेला. वाद मिटला असे म्हणता येत नाही. मात्र तो जाहीरपणे, पुराव्यांसह आणि कलेतिहासकारांच्या सहभागाने झाला, ही गोष्ट आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

मिलान येथील लिओनार्दोचे ‘अंतिम भोजन’ अजिंठ्याला अधिक जवळचे आहे, कारण तेही खरे फ्रेस्को नाही. कोरड्या भिंतीवर रंगविल्यामुळे ते चित्रकाराच्या हयातीतच खराब होऊ लागले. अठराव्या शतकात बेल्लोत्ती व माझ्झा यांनी त्यावर सढळ हाताने नवे रंग चढविले. विसाव्या शतकाच्या अखेरीस पिनिन ब्राम्बिल्ला बार्चिलोन यांनी वीसहून अधिक वर्षे खपून हे उपरे रंग उतरविले आणि १९९९ साली चित्र पुन्हा खुले झाले. जेथे मूळ रंग उरलाच नव्हता तेथे त्यांनी फिकट जलरंग दिला, नवा चेहरा रचला नाही. चित्र कमी उरले, पण जे उरले ते लिओनार्दोचे उरले.

अजिंठ्याच्या संवर्धनाची या चौकटीत तपासणी केली तर एक गोष्ट श्रेयाची आढळते. गळून पडलेल्या आकृत्या पुन्हा रंगवून पूर्ण करण्याचा मोह येथे टाळला गेला. पद्मपाणीच्या भोवतालचा गिलावा जेथे गेला तेथे तो गेलेलाच दिसतो. ज्या समाजात खंडित मूर्ती अशुभ मानली जाते, त्या समाजात हा संयम सहज आलेला नाही. उणीव आहे ती अन्यत्र. कोणता थर काढावा, किती काढावा आणि कोठे थांबावे या निर्णयांमागील विचार सामान्य अभ्यासकापर्यंत, विशेषतः मराठीतून, क्वचितच पोहोचतो.

८. दहाव्या लेण्याचा प्रश्न

‘मूळ चित्र’ ही कल्पना किती निसरडी आहे हे दहाव्या लेण्यात उत्तम रीतीने दिसते. हे चैत्यगृह सातवाहनकालीन आहे. त्याच्या भिंतींवरील चित्रे आरंभकाळातील आहेत. परंतु स्तंभांवर पाचव्या शतकातील भक्तांनी बुद्धाच्या आकृत्या नव्याने रंगवून घेतल्या. म्हणजे पहिला हस्तक्षेप ग्रिफिथ्सचा नव्हता, तो बौद्ध उपासकांचाच होता. त्यांच्या दृष्टीने जुन्या सभागृहात नवी प्रतिमा अर्पण करणे हे पुण्यकर्म होते. आज कोणताही संवर्धक या आकृत्या ‘उपऱ्या’ ठरवून काढणार नाही, कारण त्या स्वतःच इतिहास झाल्या आहेत.

याच लेण्यात एका चित्रित आकृतीवर जॉन स्मिथने १८१९ साली आपले नाव व तारीख कोरून ठेवली आहे. त्या वेळी लेण्यात साचलेल्या ढिगाऱ्यावर तो उभा होता, म्हणून ती अक्षरे आज माणसाच्या डोक्यावरच्या उंचीला आहेत. हे नाव विद्रूपीकरण मानावे की दस्तऐवज? ते बुजविल्यास आकृतीवरील जखम भरेल, पण लेण्यांच्या आधुनिक चरित्रातील पहिले पान नाहीसे होईल. ठेवल्यास एका शिकाऱ्याच्या बेपर्वाईला आपण चित्राएवढाच मान देतो की काय, असा प्रश्न पडतो. प्रस्तुत लेखकाच्या मते ते ठेवावे, कारण ते वाचण्यासाठी मान वर करावी लागणे हाही त्या ढिगाऱ्याचा, म्हणजे शतकानुशतकांच्या विस्मृतीचा पुरावा आहे. परंतु काल-परवा आलेल्या पर्यटकाने कोरलेल्या नावाला हाच न्याय लावता येणार नाही. स्मिथ आणि तो पर्यटक यांच्यातील फरक कृतीचा नाही, केवळ काळाचा व परिणामाचा आहे, हे मान्य करताना मन कचरते. संवर्धनातील निर्णय अशा अस्वस्थ जागीच घ्यावे लागतात. तेथे रसायनशास्त्र पुरे पडत नाही, मूल्यविवेक लागतो. संवर्धन हे समीक्षाकर्म आहे असे जे वर म्हटले त्याचा हाच अर्थ.

९. समीक्षेचे उत्तरदायित्व

साहित्याच्या अभ्यासकाला हा विचार परका नाही. ज्ञानेश्वरीचा अभ्यास करताना आपण प्रथम पाठ विचारतो. कोणती पोथी, कोणाची प्रत, कोणते पाठभेद, प्रक्षिप्त ओवी कोणती, याचा निर्णय झाल्याशिवाय अर्थनिर्णयाकडे जाणे आपण अशास्त्रीय मानतो. एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ही घटना आपण वाङ्मयेतिहासात मानाने नोंदवितो. चित्राच्या बाबतीत मात्र आपण पाठचिकित्सेशिवाय थेट रसग्रहणाला बसतो. पिवळ्या पडलेल्या रोगणाखालील निळा हिरवट दिसतो, पांढरा मलईसारखा दिसतो, गौर त्वचा सावळी भासते. या प्राथमिक गोष्टी विचारात न घेता वर्णभेदाचे, ऋतूचे किंवा मनोभावाचे निष्कर्ष काढले तर ते प्रक्षिप्त ओवीवर उभारलेल्या भाष्यासारखे होतील.

या तुलनेला एक मर्यादा आहे आणि ती महत्त्वाची आहे. पोथीतील पाठ चुकीचा ठरविला तरी तो तळटीपेत जिवंत राहतो. पुढील संपादक तो पुन्हा वर आणू शकतो. भिंतीवरून उतरविलेला थर परत येत नाही. म्हणून संवर्धकाची चूक ही संपादकाच्या चुकीहून अधिक भयंकर असते आणि म्हणूनच काम सुरू होण्यापूर्वीची, सुरू असतानाची व नंतरची नोंद, छायाचित्रे आणि रासायनिक तपशील ही चित्राची तळटीप ठरते. ही तळटीप अभ्यासकांना सुलभ असली पाहिजे, ही मागणी समीक्षकांनी करावयास हवी. ती न करता केवळ सौंदर्याची स्तुती करणारी समीक्षा आपले अर्धे काम टाळते.

१०. आपल्या भिंतीवरील चित्र

हा प्रश्न अजिंठ्यापुरता नाही. महाराष्ट्रातील अनेक जुन्या महाविद्यालयांच्या सभागृहांत संस्थापकांची व देणगीदारांची तैलचित्रे आहेत. त्यांतील काही कसलेल्या हातांची आहेत. एका महाविद्यालयात अशा एका तैलचित्राची अवस्था प्रस्तुत लेखकाला पाहावयास मिळाली. वर्धापनदिनापूर्वी ते ‘नवे’ करून घेण्यात आले होते. पाट्या रंगविणाऱ्या कारागिराने कोटाला काळा ऑइलपेंट दिला, चेहऱ्यावर गुलाबी छटा फिरविली आणि वरून फर्निचरचे वार्निश मारले. संबंधितांचा हेतू आदराचाच होता. ज्यांनी त्या संस्थापकांना पाहिले होते अशा चित्रकाराच्या डोळ्यांनी टिपलेला चेहरा मात्र त्या दुपारी गेला. चित्राखालील पितळी पट्टीवर नाव तेवढे मूळचे राहिले.

ग्रिफिथ्स आणि तो कारागीर यांच्यात तत्त्वतः फरक नाही. दोघांनाही चित्र उजळ दिसावयास हवे होते. म्हणून काही किमान पथ्ये शिक्षणसंस्थांनी पाळावीत. तैलचित्र ओल्या फडक्याने पुसू नये. त्यावर थेट ऊन किंवा प्रखर दिवा येऊ देऊ नये. बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीवर ते टेकून न लावता मागे हवा खेळती ठेवावी. बुरशी किंवा सुटलेले पापुद्रे दिसल्यास प्रथम छायाचित्र काढून नोंद करावी आणि जाणकार संवर्धकाचा सल्ला मिळेपर्यंत हात लावू नये. लखनौ येथील राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संवर्धन प्रयोगशाळा १९७६ पासून या क्षेत्रात कार्यरत आहे आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही संवर्धन केंद्र आहे. मार्गदर्शनासाठी दार ठोठावण्याची सोय आहे. गरज आहे ती दार ठोठावण्यापूर्वी ब्रश न उचलण्याची.

११. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१) अजिंठ्याचे आजचे दृश्यरूप मूळ चित्रकार, काळ आणि १८४४ नंतरचे नकलाकार व संवर्धक या तिघांच्या क्रियांतून सिद्ध झाले आहे. त्यातील कोणत्याही एका घटकाला वगळून केलेले रसग्रहण अपुरे ठरते.

२) चित्रांची हानी केवळ उपेक्षेने झाली नाही. रोगण, चपडा आणि कृत्रिम राळ हे तिन्ही थर आस्थेतून चढविले गेले. प्रत्येक पिढीला आपला उपाय निर्दोष वाटला. आजच्या उपायांविषयीही ही नम्रता बाळगणे आवश्यक आहे.

३) संवर्धनातील प्रत्येक निर्णय सौंदर्य आणि इतिहास यांच्या दाव्यांत केलेली निवड असतो. त्यामुळे तो समीक्षेच्या कक्षेत येतो. खंडिताला खंडित राहू देण्याचा संयम ही अजिंठ्याच्या संवर्धनाची जमेची बाजू आहे, तर निर्णयप्रक्रियेची अनुपलब्धता ही उणीव आहे.

४) पाठचिकित्सेची शिस्त असलेल्या मराठीच्या अभ्यासकांनी चित्राच्या ‘पाठा’कडेही त्याच शिस्तीने पाहिल्यास कलेतिहास, रसायनशास्त्र आणि साहित्य या विभागांत खरा संवाद सुरू होऊ शकेल. महाविद्यालयाच्या सभागृहातील एका जुन्या तैलचित्राची स्थितिनोंद करण्यापासूनही त्याचा आरंभ होऊ शकतो.

विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जाताना आपण त्यांना पद्मपाणीची नत दृष्टी दाखवितो. ती दाखवावीच. परंतु त्याबरोबरच कडेला बांधलेला गिलावा, एखाद्या कोपऱ्यात उरलेला तपकिरी थर आणि दहाव्या लेण्यात उंचावर कोरलेली ती तारीखही दाखवावी. आपण जे पाहतो ते आपल्यापर्यंत कोणाकोणाच्या हातांतून आले, हे कळल्याने चित्राचे सौंदर्य उणावत नाही. आपली जबाबदारी तेवढी वाढते.